एकता नगरीचा पूर आणि फुकटातली साधनं: पत्रकारितेच्या विद्यार्थ्यासाठी परीक्षण

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांमध्ये 'ऑनलाइन रिसर्च टूल्स'च्या ज्या याद्या फिरतात, त्या बहुतेक जुन्या अमेरिकी याद्यांच्या नकला असतात. त्यांत फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय पसरतंय ते दाखवणारं क्राउडटँगल अजून दिमाखात बसलेलं असतं. मेटानं ते १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं. पान उडालं तर गुगलची कॅश प्रत पाहा, असाही सल्ला असतो; ती सोयही त्याच वर्षी गेली. आणि साधन मराठीत कितपत चालतं, हा प्रश्न त्या यादीत कुणी विचारलेलाच नसतो.

म्हणून इथे सगळी साधनं एकाच पुणेरी विषयावर लावून पाहू. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत जो पूर आला, तो हा विषय. यात बातम्या आहेत, सरकारी कागद आहेत, आकडे, नकाशे आणि व्हॉट्सअॅपवर फिरलेले व्हिडिओही आहेत. साधन मूळ कागदापर्यंत पोचवतं की अलीकडेच थांबवतं, एवढंच बघायचं.

सुरुवात गुगलपासूनच, पण नुसतं 'एकता नगरी पूर' टाकून नव्हे. अवतरणचिन्हांत 'विसर्ग' आणि 'खडकवासला' हे शब्द द्या आणि पुढे आफ्टर व बिफोर हे दोन आदेश जोडा. आदेश रोमन अक्षरांत, त्यापुढे जागा न सोडता अपूर्णविराम (:), मग तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं इंग्रजी आकड्यांत. २४ ते २७ जुलैच्या खिडकीत शोध बांधला की नंतरचे राजकीय आरोप-प्रत्यारोप गळून पडतात. मात्र पानाची तारीख गुगल स्वतः अंदाजानं ठरवतं. बातमी नंतर 'अपडेट' झाली असेल तर ती खिडकीबाहेर जाते, म्हणून दोन्ही बाजूंना एखादा दिवस जास्त ठेवा. साइट हा आदेश महापालिकेच्या पत्त्यासह आणि फाइलटाइप पीडीएफसाठी वापरला की बातम्या बाजूला होऊन परिपत्रकं वर येतात.

खरी अडचण मराठीच्या विभक्तीची. अवतरणचिन्हांत 'खडकवासला' दिलं की 'खडकवासल्यातून' हातचं जातं. 'पूर' दिलं की 'पुराचे' आणि 'पुरामुळे' सुटतात, कारण सामान्यरूपात ऊकार ऱ्हस्व होतो. नावांचं तर विचारूच नका. एकता नगरी, एकतानगरी, एकता नगर. मनपा, महापालिका, पालिका. सगळी रूपं मोठ्या रोमन अक्षरांतल्या ओआरनं जोडून एक लांबलचक शोध तयार करा आणि तो वहीत किंवा फाइलमध्ये जपून ठेवा. दुसरा खड्डा डोळ्यांना दिसत नाही. 'शेतकऱ्यांना' यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतांनी टाइप होतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. फाइलमध्ये कंट्रोल-एफ केलं आणि 'सापडला नाही' आलं, तर शब्द नाहीच असं समजू नका. अर्धा र टाळून शब्दाचा पुढचा किंवा मागचा तुकडा शोधा.

हाच लांब शोध गुगल अलर्ट्सला लावता येतो. तिथे 'सर्वोत्तम परिणाम' हा पर्याय बदलून 'सर्व परिणाम' करा. मराठीत मुळातच मजकूर कमी, त्यात गाळणी लावली की हाती फारसं लागत नाही. ई-मेलऐवजी आरएसएस फीड (नव्या पानांची आपोआप भरत जाणारी यादी) निवडून तो फीडली या फीड वाचायच्या साधनात टाकला की इनबॉक्स मोकळा राहतो. फीडलीच्या फुकट खात्यात १०० स्रोत बसतात, विद्यार्थ्याला तेवढे पुरे. ई-पेपर मात्र या जाळ्यात येत नाहीत, कारण तिथे पान म्हणजे चित्र असतं. पुणे आवृत्तीच्या आतल्या पानांवरच्या छोट्या बातम्या, म्हणजे वॉर्डाच्या, सोसायट्यांच्या, पाण्याच्या तक्रारींच्या, बऱ्याचदा तिथेच असतात. त्या रोज डोळ्यांनी चाळाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

आता ज्याची सगळ्यांना घाई असते ते, एआय. एअरटेलनं जुलै २०२५ मध्ये ग्राहकांना वर्षभरासाठी पर्प्लेक्सिटी प्रो हे एआय शोधसाधन फुकट दिलं, त्यामुळे ते अनेकांच्या फोनवर येऊन बसलं. विषयाची तोंडओळख करून घ्यायला ठीक आहे. पण आपल्या पुराबद्दल विचारताना दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. पहिली जागा एककांची. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. दोन्हींत ३५ पटींहून जास्त फरक आहे. त्या पहाटेचा विसर्ग बातम्यांत ३५ हजार क्युसेकच्या घरात आहे. उत्तरात एकक बदललं की बातमी हास्यास्पद होते. पडताळ्यासाठी एक आकडा पाठच करा: ११,५७४ क्युसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा साधारण २९ टीएमसी आहे, तेव्हा उत्तर त्या मापात बसतं का ते लगेच कळतं. दुसरी जागा वेळेची. विसर्ग तासातासाला बदलतो आणि सारांश करणारं यंत्र पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याशी बिनदिक्कत जोडू शकतं. उत्तराखालच्या प्रत्येक क्रमांकावर टिचकी मारून मूळ पान उघडा. उघडलेल्या पानावर ते वाक्य नसेल तर ते वाक्य वापरायचं नाही.

गुगलचं नोटबुकएलएम हे एआय साधन या बाबतीत जास्त भरवशाचं. ते तुम्ही दिलेल्या कागदांतूनच उत्तर काढतं आणि नेमक्या ओळीवर नेतं. फुकट खात्यात एका वहीत ५० स्रोत चालतात. चौकशी अहवाल, शासन निर्णय, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं एकत्र टाका आणि 'कोणत्या कागदात इशाऱ्याची वेळ दिली आहे' असा अरुंद प्रश्न विचारा. 'चूक कुणाची' असं विचारलं की ते निबंध लिहून देतं. पीडीएफ जुन्या फॉन्टातला असेल तर त्याला कचराच दिसतो. तोच मुद्दा पुढे.

सरकारी संकेतस्थळं दिसायला ओबडधोबड, पण या परीक्षणातली सर्वांत उपयोगी साधनं तीच. राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखांची मर्यादा देऊन शोधा. पूरग्रस्तांची मदत महसूल व वन विभागाखाली येते आणि धरणाचा कारभार जलसंपदाकडे. चुकीच्या विभागात शोधून 'काहीच नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी 'त्याचा संकेतांक' म्हणून १८ आकडे छापलेले असतात. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. निर्णयावरची तारीख आणि संकेतांकातली तारीख यांत अंतर असेल तर कागद उशिरा चढवला गेला, हे तिथेच समजतं. कधी कधी बातमी त्या अंतरातच असते. कुणी व्हॉट्सअॅपवर 'नवा जीआर' पाठवला तरी हाच संकेतांक टाकून खात्री करा.

पीडीएफ उतरवला की कॉपी करून बघा. रोमन अक्षरांची खिचडी आली तर तो श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्स हा भाग उघडला की नेमकं नाव दिसतं आणि त्या नावाचा रूपांतरक वापरता येतो. युनिकोड असूनही वेलांट्या आणि रफार जागा सोडून पळालेले दिसतात, तेव्हा रूपांतरकाच्या नादी लागू नका. पानाचं चित्र काढा, गुगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गुगल डॉक्सने उघडा' म्हणा. चित्र सरळ हवं आणि फाइल २ एमबीच्या आत. मजकूर बराच स्वच्छ येतो, तक्त्यांचे रकाने मात्र मोडतात.

अंदाजपत्रकासारखे तक्ते काढायला टॅब्युला हे फुकटचं सॉफ्टवेअर चांगलं, पण ते फक्त मजकूर असलेल्या पीडीएफवर चालतं, स्कॅनवर नाही. शीटमध्ये आणल्यावर बेरीज शून्य आली तर घाबरू नका. १, २, ३ हे देवनागरी आकडे शीटला अक्षरं वाटतात. 'शोधा आणि बदला' दहा वेळा करून इंग्रजी आकडे आणा. मग रकान्याची बेरीज कागदावर छापलेल्या 'एकूण'शी ताडून पाहा. जुळली नाही तर आधी १ आणि ९, ५ आणि ६ तपासा. तरीही जुळेना, तर छापील बेरीजच चुकीची असू शकते, आणि मग विचारायला कारण मिळालं.

जे ऑनलाइन नाही त्याला माहिती अधिकार. राज्याच्या पोर्टलवर शुल्क १० रुपये, अर्ज १५० शब्दांचा आणि विषय एकच. आपलं कार्यालय तिथल्या यादीत आहे का ते आधी बघा, नसेल तर कागदी अर्ज. 'पाणी का सोडलं' असं विचारलं की उत्तर 'हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही'. कागद मागा: '२४ व २५ जुलै २०२४ या दोन दिवसांची खडकवासला धरणाच्या विसर्गाची तासवार नोंद' आणि 'विसर्ग वाढवण्यापूर्वी महापालिकेला पाठवलेल्या संदेशांच्या वेळेसह प्रती'. पहिला अर्ज जलसंपदाकडे, दुसरा दोन्हीकडे, कारण पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नोंदीत फरक निघाला तर तोच मथळा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज कलम ६(३) नुसार पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. उत्तराला ३० दिवस, नंतर पहिलं अपील. सत्राच्या शेवटी असाइनमेंट द्यायची असेल तर अर्ज सत्राच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे.

न्यायालयांसाठी ई-कोर्ट्स पुरेसं आहे; १६ अक्षरांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक मिळाला की तारखा आणि आदेश एका ठिकाणी दिसतात. नदीपात्र, भराव, पूररेषा यांबाबतचे वाद मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावरही शोधा, त्याचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. उच्च न्यायालयात पुण्याची प्रकरणं मुंबईलाच जातात. कोल्हापूरच्या नव्या सर्किट बेंचखाली पुणे नाही.

व्हिडिओंबाबत सांगायचं तर दर पावसाळ्यात जुनेच पूर नव्यानं वाहतात. इनव्हिड-वुईव्हेरिफाय हे ब्राउझरचं विस्तारक व्हिडिओच्या ठळक चौकटी वेगळ्या करून देतं. त्या गुगल लेन्समध्ये टाका, मग टिनआयमध्ये 'सर्वांत जुने आधी' लावून बघा. टिनआय तेच चित्र शोधतं, तसंच दिसणारं नव्हे, म्हणून त्याचं 'सापडलं नाही' हे नवेपणाचं प्रमाणपत्र नव्हे. व्हॉट्सअॅपमधून आलेल्या फोटोत एक्झिफ माहिती (कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला) उरत नाही, तिथे वेळ घालवू नका. दुकानांच्या पाट्या, पीएमपीची बस, गाडीवरचं एमएच १२ (पुणे) की १४ (पिंपरी-चिंचवड), यांतून जास्त कळतं.

उपग्रहचित्रांकडून पुराच्या दिवसाची अपेक्षा ठेवू नका. सेंटिनेल-२ ची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, पण जुलैत पुण्यावर ढग असतात आणि १० मीटरच्या बारकाव्यात सोसायटीचं पार्किंग दिसत नाही. गुगल अर्थ प्रोमधली जुनी चित्रं मात्र सोनं आहेत. मुठेच्या पात्रात भराव कधी आणि किती वाढला, ते वर्षानुवर्षं मागे जाऊन पाहता येतं. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करा, नाहीतर पाण्याची पातळी कमीजास्त असल्यानं भराव वाढल्याचा भास होतो. खाली दिसणारी तारीख त्या तुकड्यापुरती असते, शेजारचा तुकडा दुसऱ्या दिवसाचा असू शकतो.

जुन्या वृत्तपत्रांसाठी ऑनलाइन साधनं निराशाजनक. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराशी तुलना करायची म्हटलं, तर गुगल न्यूज आर्काइव्हमध्ये इंडियन एक्स्प्रेसचे जुने अंक तारखेनं उघडता येतात, पण मध्येमध्ये अंक गायब आहेत आणि शब्दानं शोध जवळजवळ चालत नाही. मराठीसाठी ग्रंथालयात बांधीव फाइली चाळा. आजची पानं तरी हातातून जाऊ देऊ नका: कुठलंही परिपत्रक किंवा बातमी सापडली की त्याच मिनिटाला पानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाउ'मध्ये टाका. सरकारी संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे मरतात.

मुलाखतीचं लेखन करायला गुगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं, पण विरामचिन्हं हातानं घालावी लागतात. व्हिस्पर या बोलणं लिहून देणाऱ्या एआय साधनाला मराठी येतं, मोठं मॉडेल वापरलं तर बरं येतं, तरी गावांची आणि माणसांची नावं ते ऐकून बनवतं. दोघं एकाच वेळी बोलले की कुठलंच साधन टिकत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच नीट करा: समोरच्याला सांगून, दोन फोनवर, आणि त्यांतला एक विमान मोडवर, कारण मध्येच कॉल आला की बऱ्याच फोनांत रेकॉर्डिंग थांबतं.