स्क्रू, अर्धा बॉल की पूर्ण सांधा? खुब्याजवळ हाड मोडल्यावर काय निवडायचं

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट ऑपरेशन करून घरी आला की माझं काम सुरू होतं. कधी सदाशिव पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत, कधी कोथरूडच्या टू बीएचकेत. कोणत्या ऑपरेशननंतर घरात काय वाढून ठेवलेलं असतं, ते मला रोज दिसतं. नातेवाईक मात्र निवड करतात हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, चहा गार होईपर्यंतच्या वेळात. हे त्यांच्यासाठी.

आधी एक घोळ निस्तरू. ‘खुबा मोडला’ म्हणताना लोक दोन वेगळी फ्रॅक्चर एकत्र करतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बॉल, त्याखाली मान आणि मानेखाली रुंद भाग असतो. रुंद भागाला रक्त भरपूर मिळतं, त्यामुळे तिथे रॉड घातला की हाड बहुधा जुळून येतं. बॉलला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या मात्र मानेला बिलगूनच वर जातात. मान मोडून सरकली की त्या पिळवटतात नाहीतर तुटतात. मग हाड न जुळण्याची किंवा बॉल हळूहळू सुकून खचण्याची भीती असते. मी इथे बोलतेय ते या मानेच्या फ्रॅक्चरबद्दल. म्हणून ‘शेजारच्या काकूंना रॉड घातला, महिन्यात चालायला लागल्या’ हा दाखला इथे कामाचा नाही.

पाय आखूड झालाय आणि पंजा बाहेरच्या बाजूला पडलाय, तर निदान जवळपास दारातच होतं. फसवतं ते न सरकलेलं फ्रॅक्चर. आजी बाथरूममध्ये घसरतात, जांघेत दुखतं म्हणतात (काहींना तर गुडघाच दुखतो), पण लंगडत का होईना, चालतात. एक्स-रे कधीकधी साफ येतो. तरीही पाय टेकताना कळ जात नसेल तर एमआरआय मागून घ्या, तो शक्य नसेल तर सीटी. तेवढ्या दिवसांत तेल चोळणं आणि हाडवैद्याची ओढाताण नको. तीन स्क्रूंत भागलं असतं ते हाड सरकतं आणि मग सांधा बदलायची वेळ येते.

डॉक्टर ‘गार्डन’ प्रकार सांगतील. १९६१ पासून रूढ असलेली ही चार पायऱ्यांची विभागणी आहे. तुम्ही एवढंच विचारा: सरकलंय की नाही? पहिले दोन प्रकार म्हणजे न सरकलेलं, तिसरा-चौथा म्हणजे सरकलेलं.

सरकलं नसेल तर वय काहीही असो, बहुतेक वेळा स्क्रू. चीर छोटी, रक्तस्राव कमी. यात फार डोकं शिणवू नका.

सरकलं असेल आणि पेशंट तिशी-चाळिशीतला असेल, समजा कात्रजच्या घाटात बाइकवरून पडलेला, तर स्वतःचा बॉल वाचवायचा प्रयत्न करायलाच हवा. कृत्रिम सांधा झिजतो आणि या वयात पुढे चाळीस वर्षं काढायची असतात. पण किंमत समजून घ्या: बरेच आठवडे कुबड्यांवर, पायावर पूर्ण वजन नाही, आणि एवढं करूनही बॉल वर्ष-दोन वर्षांनी खचू शकतो. एक्स-रे दाखवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. हे आधी सांगितलेलं नसलं की घरच्यांना डॉक्टरने फसवलं असं वाटतं.

सत्तरीपुढे माझं मत याच्या उलट आहे. सरकलेल्या हाडाला स्क्रू घालून ‘आपलं हाड वाचवू’ हा मोह टाळा. या वयात अशा स्क्रूनंतर साधारण तिघांपैकी एकाला पुन्हा टेबलावर जावं लागतं, सांधा बदलल्यावर हे प्रमाण खूपच खाली येतं. शिवाय सांधा बदललेल्या आजी सहसा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण वजन टाकतात. अंथरुणातला प्रत्येक दिवस छातीत कफ, पाठीला जखमा आणि पायात गुठळी यांना आमंत्रण देतो. साठी ते सत्तरीत नियम चालत नाही, तिथे हाडाची ताकद आणि माणसाचा दम बघावा लागतो.

आता खरी घासाघीस: अर्धा की पूर्ण? अर्ध्यात फक्त बॉल बदलतात (बहुतेकदा ‘बायपोलर’, म्हणजे बॉलच्या आत आणखी एक फिरणारा बॉल), पूर्णात वाटीसुद्धा, म्हणजे कमरेच्या हाडातली बॉल बसतो ती खोबणी. २०१९ साली पन्नाशीपुढच्या सुमारे दीड हजार पेशंटवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, पूर्ण सांध्यात ७.९ आणि अर्ध्यात ८.३ टक्के. पूर्ण सांध्यात हालचाल किंचित बरी, पण सांधा निखळणं वा अस्थिर होणं जास्त. म्हणून मी विचारते, पडण्याआधी माणूस कुठवर जात होता? रोज पर्वती चढणारे, वाटीचा सांधा आधीच झिजलेले काका असतील तर पूर्ण. गॅलरीपर्यंतच फिरणाऱ्या किंवा विसरभोळ्या झालेल्या आजींना अर्धा पुरतो. कारण ‘खाली वाकू नका, मांडी घालू नका’ हे त्यांच्या लक्षात राहणार नाही. वयस्कर हाडात सिमेंट लावून बसवलेला बॉल मला पटतो. मांडी कमी दुखते, नवं फ्रॅक्चर कमी होतं. हृदय अशक्त असेल तर सिमेंटची जोखीम भूलतज्ज्ञांना आधी विचारा.

यापेक्षाही महाग पडतो तो उशीर. ‘मुलगा अमेरिकेहून येईपर्यंत थांबू’ हे वाक्य पुण्यात मी इतक्यांदा ऐकलंय! फिटनेसमध्ये खरी अडचण नसेल तर ऑपरेशन ३६ ते ४८ तासांत व्हावं. मुलगा व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलू शकतो. वजन लावून पाय ताणत ठेवण्याने हाड जुळत नाही. ऑपरेशन न करणं हा पर्याय मुळातच अंथरुणाला खिळलेल्या, अगदी शेवटच्या आजारातल्या माणसासाठी, आणि तिथेही वेदना शमवणं ओघानं आलंच.

पैशांचं: सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, उत्पन्नाची अट नाही. कोणतं पॅकेज, कोणता इम्प्लांट बसतो, ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून ॲडमिट होतानाच विचारून घ्या.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कोणीतरी घरी जाऊन कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवा, बाथरूममध्ये धरायला दांडा लावा आणि दारातलं पायपुसणं उचलून ठेवा. हाडं ठिसूळ झाल्याचं औषध कधी सुरू करायचं, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय रिक्षा बोलावू नका.