कुटुंबाच्या व्यवसायासाठी टार्टन: तयार निवडावा की स्वतःचा विणून घ्यावा?

स्कॉटलंडमध्ये दोन-तीन पिढ्या चाललेल्या घरगुती व्यवसायाला आपल्या नावाचा टार्टन, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या चौकड्यांची विणलेली नक्षी, हवा असेल, तर वाटा तीन आहेत. आधीपासूनचा टार्टन वापरायचा, स्वतःचा बनवून स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स या टार्टनच्या अधिकृत नोंदवहीत नोंदवायचा, किंवा बनवलेल्या नक्षीवर डिझाइनचा कायदेशीर हक्क घ्यायचा. नोंदणी झाली की हक्क आपोआप मिळतो अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे.

तयार टार्टन

सर्वांत स्वस्त आणि झटपट. आडनाव एखाद्या क्लॅनशी, म्हणजे स्कॉटिश कुळाशी, जोडलेले असेल तर त्याचा, नाहीतर गावाचा किंवा जिल्ह्याचा. गिरणीत कापड तयार असते, चार टायपुरतेही मिळते. आधी रजिस्टरमधली नोंद उघडून वापरावर काही बंधन लिहिले आहे का ते पाहा. शोध फुकट आहे. 1853 मध्ये प्रिन्स अल्बर्टने रचलेला बॅल्मोरल टार्टन राजघराण्यापुरता राखीव आहे, तो दुकानाच्या खोक्यावर चालणार नाही. उरलेला तोटा उघड आहे: तेच कापड शेजारच्या दुकानदारालाही घेता येते. वेटरच्या जाकिटांपुरती गरज असेल तर हीच वाट पुरे.

स्वतःचा टार्टन

इथे खरे काम नक्षीचे आहे आणि बहुतेक चुकाही इथेच होतात. समजा, निळा, काळा, हिरवा आणि पिवळा घेतला आणि धाग्यांची मोजणी अशी ठरवली: नि/48 का8 नि8 का40 हि48 पि/4. मोजणीत ज्यांच्यापुढे / अशी तिरकी रेघ आहे ते दोन रंग म्हणजे वळणबिंदू. तिथून नक्षी आरशासारखी उलटते. ते एकदाच मोजायचे, मधले सगळे दुप्पट. म्हणजे एक पूर्ण सेट, म्हणजे नक्षीचे एक आवर्तन, 260 धाग्यांचा. इंचाला 48 धागे असलेल्या कापडात तो साधारण साडेपाच इंच भरतो, किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला, चांगला. टायवर मात्र तो मावत नाही, म्हणून मोजणी निम्मी करावी लागते. पिवळी रेघ मुळात 4 धाग्यांची असल्यामुळे तिचे 2 होतात आणि ती टिकते. ती आधीच 2 धाग्यांची असती तर एकच धागा उरला असता आणि रेघ तुटकतुटक दिसली असती. सर्वांत बारीक रेघ 4 धाग्यांखाली नेऊ नका.

रंग कमी ठेवा. ताण्याचा आणि बाण्याचा क्रम एकच असल्याने 4 रंगांतून 4 शुद्ध आणि 6 मिश्र, अशा 10 छटा कापडावर येतात. 6 रंग घेतले तर 21, आणि दुरून सगळे राखाडी वाटू लागते. पडद्यावरच्या चित्रावर निर्णय घेऊ नका. पिवळी रेघ निळ्यावरून जाते तेव्हा ट्विल या तिरक्या विणीत ती सलग दिसत नाही, तिरक्या तुकड्यांची माळ दिसते. पूर्ण पिवळा फक्त पिवळ्यावर पिवळा येतो तिथेच. म्हणून किमान दोन सेट मावतील एवढा विणलेला नमुना मागवा. बोधचिन्हाचा नेमका रंग हवा असा हट्ट धरला तर सूत खास रंगवून घ्यावे लागते आणि खर्च एकदम चढतो. गिरणीच्या साठ्यातली जवळची छटा घेणे शहाणपणाचे, कारण दहा वर्षांनी पुन्हा कापड मागवाल तेव्हाही ती मिळण्याची शक्यता जास्त. वळणबिंदू नसलेली एकतर्फी नक्षी टाळा; शिवताना सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड वाया जाते.

नोंदणी आणि हक्क

रजिस्टर 2008 च्या कायद्याने स्थापन झाले, 2009 पासून सुरू आहे. अर्जाची फी 70 पौंड. धाग्यांची मोजणी, रंगीत चित्र, नाव आणि त्या नावाशी तुमचा संबंध एवढे द्यावे लागते. विणलेला नमुना सक्तीचा नाही. अर्जदार जगात कुठलाही चालतो. 'सिंग' नावाचा टार्टनही तिथे आहे, तेव्हा एखाद्या मराठी आडनावालाही अडचण नसावी. पण ही अधिकृत नोंद आहे, मक्तेदारी नाही. नक्कल करणाऱ्याला ती थांबवत नाही.

थांबवण्यासाठी ब्रिटनमध्ये डिझाइन नोंदणी लागते. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत जास्तीत जास्त 25 वर्षे टिकते. नक्षी खरोखर नवी आहे का हे डिझाइन नोंदवणारे कार्यालय अर्जाच्या वेळी तपासत नाही, त्यामुळे आधीच्या टार्टनशी फार साम्य असेल तर हक्क पुढे वादात कोसळू शकतो. नक्षी जाहीर झाल्यावर अर्जाला तिथे 12 महिन्यांची सवलत आहे. भारताच्या 2000 च्या कायद्यात अशी सरसकट सवलत नाही, आणि परदेशात आधी प्रसिद्ध झालेली नक्षीही जुनी धरली जाते. रजिस्टरमधली नोंद म्हणजे प्रसिद्धीच. भारतातही माल विकायचा असेल तर डिझाइनचा अर्ज आधी, टार्टनची नोंद नंतर. भारतात हक्काची मुदत 10 वर्षे, वाढवून 15.

वापर घरच्या समारंभांपुरता असेल तर फक्त रजिस्टर पुरे. टार्टन छापलेला माल विकणार असाल तर दोन्ही करा.

कंपनीचा टार्टन की कुटुंबाचा, हेही अर्जाआधी ठरवा. कंपनीच्या नावाने नोंदवला आणि पुढे व्यवसाय विकला, तर नाव आणि टार्टन दोन्ही नव्या मालकाकडे जाण्याचा संभव असतो. त्यामुळे व्यवसाय घराण्याबाहेर जाण्याची थोडीही शक्यता असेल तर आडनावाने नोंदवणे बरे. आणि नक्षी बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतली असेल, तर तिचे हक्क तुमच्याकडे दिल्याचे पत्र पैसे चुकते करतानाच सहीनिशी घ्या.