मिशन ट्रिपच्या नावाखाली काठमांडूत आमच्या तरुण संघाची झालेली फसवणूक

ज्या ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) तरुण संघ नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत परदेशी मिशन ट्रिपला जायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. विशेषतः तिथे अनाथ मुलांमध्ये सेवा करायची आहे असं कोणी सांगत असेल तर.

आमची मंडळी कुर्ल्याची. बहुतेक घरं मूळची नगर-जालन्याकडची. मी संडे स्कूल घेते आणि तरुण संघाबरोबरही असते. ही ट्रिप ठरवणाऱ्या गृहस्थाची ओळख एका तरुण मेळाव्यात झाली. मराठी गीतं तोंडपाठ, प्रार्थना करायला लागला की समोरच्याचे डोळे भरून यावेत असा. सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. त्याने काठमांडूच्या एका बालगृहाचे फोटो दाखवले. सकाळी व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), दुपारी इंग्रजीचा वर्ग, संध्याकाळी गाणी. माणशी ₹65,000. आमच्यात एक नर्स होती, एक कुरिअरमध्ये कामाला असलेला मुलगा, बाकी कॉलेजची पोरं. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी कापणीच्या सणाच्या लिलावातले पैसे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमेटीने दिले. भोपळा आणि कोंबडी चढ्या बोलीने विकत घेणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या बायकांचे पैसे होते ते.

पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात यूपीआयने गेले. पावती व्हॉट्सअॅपवर आली, तिच्यावर ना ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, ना पत्ता. त्या रकमेत ‘व्हॉलंटियर व्हिसा’चे ₹9,000 धरले होते. भारतीय नागरिकाला नेपाळला जायला व्हिसा लागतच नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, पर्यटकाला लागत नाही, सेवकाला लागतो. असा कोणताही व्हिसा आमच्या पासपोर्टवर शेवटपर्यंत उमटला नाही. कार्यक्रमपत्रिकेत स्थानिक मंडळीबरोबर रविवारची उपासना लिहिली होती. नेपाळच्या मंडळ्या पूर्वापार शनिवारी उपासना करतात, कारण तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारची. वर्षानुवर्षं तिथे सेवा करतो म्हणणाऱ्याला एवढंही माहीत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. या माणसाने आमच्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. पाळकांचं पत्र नको, पोलिसांचा दाखला नको, मुलांबरोबर कधी काम केलंय का हेही नको. पासपोर्टची झेरॉक्स आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, एवढ्यावर त्या घराचं दार उघडलं. आमच्या जागी कोणीही असता, वाईट हेतूने आलेला असता, तरी तो त्या मुलांमध्ये जाऊन बसला असता.

बालगृह रिंगरोडच्या पलीकडे एका गल्लीत होतं. मुलं रांगेत उभी राहून गाणं म्हणाली आणि लगेच आमच्या गळ्यात पडली. आमच्या संडे स्कूलमध्ये नवं मूल आलं की दोन-तीन रविवार आईचा पदर सोडत नाही. इथे पाच-सहा वर्षांची मुलं आल्या आल्या मांडीवर येऊन बसत होती. आमची पोरं हरखून गेली, पण मला ते बघवेना. अनोळखी माणसं येतात, लाड करतात आणि जातात, याची सवय झालेली ती मुलं होती. आम्ही नेलेले खडू, वह्या, स्वेटर दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाच्या कपाटात कुलूपबंद झाले. कपाट उघडलं तेव्हा आत आधीच्या गटांची पाकिटं दिसली, वर त्यांच्या मंडळ्यांची नावं, सील तसंच.

परदेशी गोऱ्या पाहुण्यांशी ती मुलं पाठ केलेलं इंग्रजी बोलत असतील. आम्हाला मात्र हिंदी येत होतं आणि टीव्हीवरची कार्टून्स बघून मुलांनाही थोडंफार येत होतं. वेणी घालताना एका मुलीने सहज सांगितलं की तिची आई हुमल्यात आहे आणि दशैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, फोन करते. काठमांडूच्या चांगल्या शाळेत घालतो म्हणून एका काकाने तिच्या वडिलांकडून पैसे घेतले आणि तिला इथे आणलं. आम्हाला ती अनाथ म्हणून दाखवली होती.

परत आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की ही नेपाळची जुनी जखम आहे. हुमला म्हणजे वायव्येकडचा दुर्गम डोंगराळ जिल्हा. 1996 ते 2006 च्या माओवादी संघर्षात मुलं वाचावीत म्हणून आईबापांनी दलालांना पैसे देऊन ती शहरात पाठवली. संघर्ष संपला, धंदा संपला नाही. तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण हयात असतो. आणि ही घरं बहुतांशी काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या जिल्ह्यांत आहेत, मुलं जिथून येतात तिथे नाहीत. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. 2018 च्या ऑस्ट्रेलियातल्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची गणना माणसांच्या तस्करीत झाली.

आणखी एक धोका त्याने लपवला. त्याने आमच्या बॅगांमध्ये ख्रिस्ती प्रचाराची हिंदी-नेपाळी पत्रकं भरून दिली होती, मुलांना आणि शेजाऱ्यांना वाटायला. शनिवारी आम्ही शोधत शोधत एका मंडळीत गेलो. तिथल्या वयस्कर पाळकांनी ती पत्रकं पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. नेपाळच्या 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत कलम 158 खाली धर्मांतर करणं किंवा त्याला प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे. 5 वर्षांपर्यंत कैद, 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर हद्दपारी. त्या कायद्याशी आपण सहमत असू वा नसू, वीस वर्षांच्या पोरांना काहीही न सांगता त्यात ढकलणं हा निर्दयपणा आहे. पाळक म्हणाले, तुम्ही विमानाने घरी जाल, नंतर चौकशी आमच्या दाराशी येईल.

मुंबईत परतून हिशेब मागितला तेव्हा ब्रदरने बायबलमधली वचनं पाठवली आणि लिहिलं, ‘देवाला दिलेलं अर्पण परत मागतात का?’ मग आमचे नंबर ब्लॉक केले. आम्ही बँकेची स्टेटमेंट्स, पावत्या, फोटो घेऊन पोलिसात तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आमचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

मुलांमध्ये खरोखर काम करणारी संस्था तुम्हाला त्रास देते, आणि तो त्रास हवाच. पोलीस क्लिअरन्सचा दाखला मागते, पाळकांशी बोलते, लेखी बालसंरक्षण धोरणावर सही घेते, मुलांचे चेहरे फेसबुकवर टाकू देत नाही, एकट्या माणसाला मुलाबरोबर बसू देत नाही. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला बहुधा मुलांकडे सोडतच नाही. स्वयंपाक, रंगकाम, हिशेब अशी कामं देते. मुलं कुठून आली, घरी कधी पाठवणार, हे विचारलं तर उत्तर देते. आपल्याकडे बालगृहाला बाल न्याय अधिनियम 2015 खाली नोंदणी सक्तीची आहे. नेपाळमध्येही 2018 च्या बालकांविषयीच्या कायद्यानुसार बालगृह हा शेवटचा पर्याय आहे. नोंदणीचा कागद पैसे भरण्याआधी मागा, निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे.

त्या मुलीचं आम्ही तिथल्या बाल हेल्पलाइनला कळवलं. नेपाळचा नंबरही आपल्यासारखाच 1098 आहे. त्यांनी नोंद घेतली, पुढचं आम्हाला सांगता येत नाही म्हणाले, आणि ते योग्यच आहे.

ब्रदर आता ठाणे-कल्याण भागात नाव थोडं बदलून फिरतो आहे. या वेळी कंबोडियाचे फोटो दाखवतो असं आमच्या ओळखीच्या एका पंचांनी सांगितलं. तुमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर असा मेसेज आला असेल तर तो पुसू नका. पाळकांना दाखवा, खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. आमच्या तक्रारीला दुसऱ्या मंडळीची तक्रार जोडली गेली तर तपास पुढे सरकेल, असं तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितलं आहे.