विमान उद्योगातलं सिस्टिम्स इंजिनिअरिंग: कंत्राट की कायम नोकरी?

कंत्राटाची ऑफर आलीय, पण कायम नोकरी सोडवत नाही, असं एक धाकटा सहकारी परवा म्हणाला.

पैशाचं सोपं आहे. कंत्राटात तासाचा दर बहुधा जास्त असतो, पण रजा, विमा आणि दोन कामांमधले रिकामे महिने आपल्याच खिशातून जातात. ते वजा करूनच आकडे ताडून पाहावेत.

खरा फरक शिकण्यात आहे. कंत्राटी माणसाला बरेचदा व्ही-मॉडेलचा, म्हणजे गरजा लिहिण्यापासून त्या चाचणीने सिद्ध करण्यापर्यंतच्या टप्प्यांच्या आराखड्याचा, एकच तुकडा मिळतो: रिक्वायरमेंट (प्रणालीने नेमकं काय करावं ते) लिहिणं, ट्रेसेबिलिटी (कुठली रिक्वायरमेंट कुठल्या डिझाइनशी आणि चाचणीशी जोडलीय ते) जुळवणं, चाचण्यांचे पुरावे जमवणं. ‘चाकं उतरल्याचं वैमानिकाला लगेच कळावं’ हे वाक्य चाचणीत टिकत नाही. ‘लगेच’ म्हणजे किती मिलिसेकंद, ते लिहावं लागतं. हे कसब कंत्राटात झपाट्याने येतं, कारण दर वेळी प्रणाली नवी. मात्र आर्किटेक्चरचे, म्हणजे प्रणालीच्या एकूण रचनेचे, निर्णय आणि सुरक्षा-मूल्यांकनातले वाद सहसा कायम माणसांकडेच राहतात. त्यात विमान उडवायला सुरक्षित असल्याच्या सरकारी प्रमाणपत्राला वर्षं लागतात, तोवर कंत्राट संपलेलं असतं. हे माझ्या मनाला फार लागतं.

ज्याच्या हाताखालून एआरपी ४७५४ (विमानातल्या प्रणाली विकसित करण्याची मार्गदर्शक तत्त्वं) आणि डीओ-१७८सी (विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीचं मानक) गेलेत, गाठीला सहा महिन्यांचा खर्च आहे, त्याने कंत्राट घ्यावं. पहिलीच काही वर्षं असतील किंवा पुढे चीफ इंजिनिअर व्हायचं असेल, तर कायम नोकरी.