व्हीजीए की एचडीएमआय? मुद्रितशोधनाच्या टेबलावरचे नऊ महिने

माझे काम मराठी मजकुराच्या मुद्रितशोधनाचे असून दिवसाचे सात-आठ तास पडद्यावरची बारीक अक्षरे वाचण्यात जातात. नऊ महिन्यांपूर्वी मी २४ इंची, १९२० × १०८० पिक्सेलचा मॉनिटर घेतला. संगणकातले चित्र मॉनिटरपर्यंत नेणारी जुनी व्हीजीए केबल घरात होती म्हणून पहिले चार महिने तीच वापरली आणि पुढचे पाच महिने एचडीएमआय, म्हणजे तेच काम डिजिटल संकेतांनी करणारी नवी केबल. मॉनिटर आणि संगणक तेच राहिल्यामुळे जाणवलेला फरक जोडणीचाच आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो.

छायाचित्रे किंवा चित्रफिती पाहताना व्हीजीएमध्ये मला काहीच खटकले नव्हते. खटकली ती अक्षरे. लहान आकारातल्या मजकुरात ‘ब’च्या पोटातली रेघ पुसट होऊन तो ‘व’ वाटे, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत, आणि संध्याकाळपर्यंत डोळे जड होत. चष्म्याचा नंबर वाढला असेल असे समजून मी डोळेही तपासून घेतले. नंबर होता तेवढाच होता.

कारण व्हीजीएच्या रचनेतच आहे. १९८७ साली आयबीएमने ती आणली तेव्हा समोर काचेच्या नळीचे मॉनिटर होते, आणि लाल, हिरवा व निळा हे तीन रंग कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात पाठवणे त्यांना अगदी सोयीचे होते. आजच्या सपाट पडद्याला मात्र प्रत्येक पिक्सेलची नेमकी किंमत लागते. एक पिक्सेल कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे सांगणारा ठोका व्हीजीए केबलमधून येतच नाही, तो मॉनिटरला समक्रमणाच्या, म्हणजे प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चित्र कधी सुरू होते हे सांगणाऱ्या, संकेतांवरून स्वतःच बसवावा लागतो. माझ्या मॉनिटरच्या १९२० × १०८० पिक्सेलच्या रिझोल्यूशनला, सेकंदाला ६० चित्रे धरली तर, एका पिक्सेलच्या वाट्याला सात नॅनोसेकंदांहूनही कमी वेळ येतो. अंदाज किंचित चुकला तरी शेजारच्या पिक्सेलचा रंग यात उतरतो आणि अक्षराची कड विरघळते.

ज्यांच्याकडे व्हीजीएशिवाय पर्याय नाही त्यांनी निराश होऊ नये. एकाआड एक काळ्या-पांढऱ्या पिक्सेलची नक्षी पूर्ण पडद्यावर ठेवून मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण दाबावे, आणि तरीही थरथर किंवा उभे पट्टे दिसले तर मेनूतील ‘क्लॉक’ (ठोक्याचा वेग) व ‘फेज’ (ठोक्याचा नेमका क्षण) हातानेच जुळवावेत. कोऱ्या पानावर ऑटो दाबण्याचा फारसा उपयोग होत नाही. या उपायाने माझे काम बरेच सुसह्य झाले होते, पण रिझोल्यूशन बदलून परत आणले की पुन्हा तपासणी करावी लागे.

एचडीएमआय जोडल्यावर पहिल्याच पानावर अनुस्वार सुटा आणि गोल दिसला, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्याच दिवशी काळा रंग राखाडी दिसू लागला. संगणकाने मॉनिटरला दूरचित्रवाणी संच समजून रंगांच्या ० (काळा) ते २५५ (पांढरा) या पूर्ण पट्ट्याऐवजी फक्त १६ ते २३५ एवढाच भाग पाठवला होता. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘फुल रेंज’ निवडताच काळा पूर्ववत झाला. ही एक गोष्ट न केल्यामुळे कोणी ‘व्हीजीएचेच रंग बरे’ असा निष्कर्ष काढला, तर मला नवल वाटणार नाही.

केबल विकत घेताना दुकानदाराने सोन्याचा मुलामा असलेली, चौपट किमतीची केबल पुढे केली होती. मी दीड मीटरची साधी घेतली आणि पाच महिन्यांत एकदाही तक्रार उद्भवली नाही. डिजिटल संकेत कमकुवत झाला तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्रच जाते, अक्षरे हळूहळू धूसर होत नाहीत. त्यामुळे महाग केबलने ती अधिक रेखीव होण्याचा प्रश्नच येत नाही.

संगणकाला केवळ व्हीजीए असेल, तर त्याचे एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर घेण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की ठोक्याचा तो अंदाज तिथेही करावाच लागतो, फक्त तो मॉनिटरऐवजी कन्व्हर्टर करतो. त्या पैशांत, संगणकात जागा असल्यास, डिजिटल पोर्ट असलेले जुने ग्राफिक्स कार्ड मिळाले तर मी तेच घेईन.