शिंग्रिक्स, नागिणीची लस: आईला दिली, महाग आहे पण घ्याच

मामाला नागीण झाली तेव्हा फोड सुकले पण बरगडीतली आग कितीतरी महिने गेलीच नाही, सदरा अंगाला लागला तरी जीव कासावीस व्हायचा. घरचे गेरू लावत बसले आणि वेढा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणून घाबरून राहिले होते, खरं म्हणजे नागीण बहुतेक वेळा एकाच नसेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठते. म्हणून आईला धरमपेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे नेऊन ही लस दिली.

लसीत काय आहे ते वाचलं आणि मी खूश झालो. लहानपणी कांजण्या देणारा व्हायरस, हा हर्पीसच्याच खानदानातला, नंतर नसांच्या मुळाशी पडून राहतो आणि वय झालं की उठतो. त्याच्या आवरणावर साखर चिकटलेली प्रोटीन्स असतात, ग्लायकोप्रोटीन्स, त्यांच्याशिवाय त्याला पेशीत घुसताच येत नाही. त्यातली जीएच-जीएल ही जोडी जीबी नावाच्या प्रोटीनला कामाला लावते मग जीबी आकार बदलून व्हायरसचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवून टाकते, दार उघडलं की झालं. ओठावर फोड आणणाऱ्या हर्पीसला त्याआधी पेशी धरायला जीडी नावाचं आणखी एक प्रोटीन लागतं, कांजण्यांच्या व्हायरसकडे जीडी नाहीच. याच्याकडे जीई हे प्रोटीन भरपूर, एका पेशीतून शेजारच्या पेशीत पसरायला ते कामी येतं, आणि लसीत नेमकं हेच जीई टाकलंय, 50 मायक्रोग्रॅम. जिवंत व्हायरस अजिबात नाही! सोबत शरीराच्या प्रतिकारशक्तीला जोरात जागं करणारं औषध आहे, त्यातला एक घटक चिलीतल्या झाडाच्या सालीतून येतो.

2015 च्या मोठ्या ट्रायलमध्ये पन्नाशीपुढच्या लोकांत 97 टक्के संरक्षण दिसलं, जुन्या जिवंत लसीचं साठीपुढच्यांत 51 च्या आसपास होतं. फरक बघा.

त्रास होतो हं. आईचा दंड चांगलाच दुखला, रात्री कणकण आली, दुसऱ्या दिवशी दिवसभर झोपून होती, मग ठीक. आणि किंमत, बाप्पा, खरंच जास्त आहे, डोसही दोन, मधे 2 ते 6 महिने.

नागपूरच्या उन्हाळ्यात एक बघा, लस 2 ते 8 डिग्रीत ठेवावी लागते, मेडिकलमधून स्वतः घेऊन पिशवीत टाकून स्कूटीवर फिरवू नका, जिथं फ्रिज आहे आणि टोचूनही देतात तिथंच फोन करून मागवून ठेवा. जीईची पावडर आणि ते जागं करणारं औषध असलेला द्रव वेगळा येतो, आमच्या डॉक्टरांनी डोळ्यांसमोर मिसळून लगेच टोचलं.