बाटली नवी, आतला रंग मेलेला

उंदराच्या मूत्रपिंडाच्या सेक्शनमध्ये, म्हणजे पातळ कापात, रंगवल्यावर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम दिसलं नाही, असं होत नाही. तिथल्या प्रॉक्सिमल नलिकांची ब्रश बॉर्डर, म्हणजे पेशींची आतली झालरीसारखी कड, या एन्झाइमने गच्च भरलेली असते, म्हणून तर मी तोच पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे रंग हमखास यायलाच हवा असा नमुना, लावते. तरी लागोपाठ चार वेळा लालभडक कडेच्या जागी नुसता मळकट गुलाबी धूसरपणा आला.

दोन आठवडे मी स्वतःलाच बोल लावत होते. ऊतक टिकवायचं फिक्सेशन जास्त झालं का? बफरचा पीएच घसरला का? सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं ते रसायन, शिळं? फास्ट रेड टीआरवर, म्हणजे रंग घडवणाऱ्या डायझोनियम क्षारावर, संशय गेलाच नाही, कारण बाटली नुकतीच आली होती. स्वस्तही मिळाली होती, तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

या चाचणीत रंग एन्झाइम स्वतः देत नाही. ते नॅफ्थॉल फॉस्फेटमधला फॉस्फेट तोडतं, मोकळा झालेला नॅफ्थॉल डायझोनियम क्षाराशी तिथल्या तिथे जोडला जातो आणि न विरघळणारा ॲझो रंग साचतो. क्षार मेलेला असला की नॅफ्थॉल वाट बघत बसत नाही, पसरून जातो. माझा धूसरपणा तोच होता. हे क्षार स्थिर करूनच विकतात, पण ऊब आणि ओल लागली की नायट्रोजन सोडून हळूहळू विघटित होतात.

शेवटी शेजारच्या लॅबमधून चिमूटभर जुना, पण फ्रीझरमध्ये नीट ठेवलेला क्षार मागून आणला. फिल्टर पेपरवर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमधल्या २-नॅफ्थॉलचे दोन थेंब टाकले आणि प्रत्येकाशेजारी एकेका क्षाराचं ताजं द्रावण. मागून आणलेल्याचे थेंब एकमेकांना टेकले तिथे क्षणात नारिंगी-लाल रेघ उमटली. माझ्या "नव्या" बाटलीने चहाच्या डागासारखी कड दिली, बस्स.

मग बाटली निरखून पाहिली. फ्रीझरच्या ओलीने लेबलचा कोपरा सुटला होता आणि खाली दुसरं लेबल होतं. वेगळा लॉट नंबर, उलटून गेलेली मुदत. सप्लायरने पाठवलेलं ॲनालिसिस सर्टिफिकेट तर या दोन्हींपैकी एकाही लॉटचं नव्हतं.

फोनवर उत्तर ठरलेलं: "मॅडम, कुणाचीच तक्रार नाही, तुमचं टेक्निक बघा." लेबलचे फोटो पाठवल्यावर "उघडलेली बाटली परत घेत नाही" आणि बदली म्हणून न्यूक्लिअर फास्ट रेड. "रेडच आहे ना!" अहो, तो केंद्रकं रंगवायचा रंग, डायझोनियम क्षारच नव्हे. नावात "फास्ट" पाहून घेणारे फसतात, लक्झॉल फास्ट ब्लूचंही तेच. आणि "बेस" लिहिलेली बाटली म्हणजे डायझोटाइझ न केलेला, म्हणजे अजून डायझोनियम क्षार न बनवलेला अमाइन, तो थेट जोडला जातच नाही.

पैसे बुडाले. आता बाटली आली की लेबलच्या कडेवर नख फिरवते, सर्टिफिकेटवरचा लॉट नंबर जुळवते आणि सही करायच्या आधी फिल्टर पेपरवर दोन थेंब टाकते. कुरिअरवाला दारात ताटकळतो, ताटकळू दे.